गुरुजींचा सत्कार किती रुपयांत होतो?

दीडशे माणसं, दहा सत्कारमूर्ती, शाळेचंच सभागृह आणि दुपारचं साधं जेवण एवढ्यावर थांबलात, तर माजी विद्यार्थ्यांचा कृतज्ञता सोहळा आज पिंपरी-चिंचवडमध्ये सव्वा ते दीड लाखात बसतो. तोच वातानुकूलित मंगल कार्यालयात नेला आणि त्यात एलईडी पडदा, फेटे, ड्रोन आणि व्यावसायिक निवेदिका आली, की साडेतीन लाखांच्या पुढे जातो. गंमत अशी, की दोन्हीकडे सरांच्या आणि बाईंच्या हातात पडतं ते बहुधा सारखंच. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. म्हणून इथे खर्च मोजताना एकच फूटपट्टी लावली आहे: जमलेल्या शंभर रुपयांतले किती सत्कारमूर्तीपर्यंत पोचले?

खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत. भोसरीचा मांडववाला आणि चाकणचा मांडववाला एकच भाव सांगणार नाहीत, आणि लग्नसराईत दोघेही वाढवून सांगतील. निदान दोन कोटेशनं घ्या, लेखी घ्या.

आधी दोन हिशेब

पहिला शाळेतल्या कार्यक्रमाचा. प्रत्येक सत्कारमूर्तीमागे बरी शाल ७००, सन्मानचिन्ह ८००, चौकटीतलं मानपत्र ९००, नारळ आणि गुलाब मिळून १००, म्हणजे २,५०० रुपये. दहा जणांचे २५,०००. बाहेरगावी राहणाऱ्या चार निवृत्त शिक्षकांना गाडीने आणून परत पोचवायचे १८,०००. एकशे साठ पानं २५० रुपये दराने ४०,०००. मांडव, खुर्च्या, व्यासपीठ १२,०००. स्पीकर आणि दोन बिनतारी माइक ८,०००. फोटो आणि साधं चित्रीकरण १२,०००. एक फलक, रांगोळी, समई, फुलं ५,०००. निमंत्रणपत्रिका ३,०००. चहा, पाण्याचे जार, सफाई आणि शिपाईमामांच्या हातावर ठेवायचे ४,०००. झाले १,२७,०००. वर दहा टक्के सांडलवंड धरा, १,४०,०००. यात सत्कारमूर्तींवर खर्च झाले ४३,०००, म्हणजे शंभरातले तीस-एकतीस.

दुसरा मंगल कार्यालयातला. भाडं ७५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८८,५००. हॉल मोठा आहे म्हणून माणसं वाढतात, मग अडीचशे पानं ३५० रुपये दराने आणि वर पाच टक्के कर, जवळपास ९२,०००. स्टेजची सजावट ४०,०००, ध्वनी-प्रकाश आणि पडदा ३५,०००, फोटो-व्हिडिओ-ड्रोन ३०,०००, फलक २५,०००, निवेदिका आणि गाणारे दोघे २५,०००, पन्नास फेटे १०,०००. सत्काराचं साहित्य तेच २५,०००. बेरीज ३ लाख ७० हजार, आणि सत्कारमूर्तींच्या वाट्याला शंभरातले सात रुपयेही आले नाहीत. शिवाय प्रवासाची व्यवस्था या यादीत नाहीच. अशा बजेटमध्ये ती हमखास राहून जाते, कारण "सर येतील हो एसटीने" असं कुणीतरी बैठकीत म्हणतं. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे हे खरं, पण म्हणून ऐंशीच्या घरातल्या सरांना सातारा ते वल्लभनगर उभं आणायचं का?

तारीख चुकली की भाव चढतो

बहुतेकांच्या डोक्यात ५ सप्टेंबर असतो. त्या दिवशी शिक्षकांचे त्यांच्याच शाळेत कार्यक्रम असतात आणि अनेकदा गणपतीही आलेले असतात. २०२५ मध्ये तर ५ सप्टेंबर अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आला होता. त्या आठवड्यात मांडव, स्पीकर, फुलं काहीही साध्या भावात मिळत नाही.

दुसरा मोह ३१ मेचा. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख सर्रास १ जून लिहिली जायची, त्यामुळे एका पिढीतले कितीतरी शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मे रोजीच निवृत्त झाले. निरोप समारंभ त्याच सुमारास होतात. पण मे म्हणजे लग्नसराई, आणि कार्यालयवाला अर्धा दिवस देतो म्हणाला तरी भाडं पूर्ण दिवसाचंच घेतो. फुलांचंही तसंच. तळेगाव-मावळचे गुलाब आपल्या दाराशी असले, तरी फेब्रुवारीत ते परदेशी निघालेले असतात आणि मे महिन्यात नवरदेवाच्या गाडीवर.

जुलैचा शेवट हा आपल्या भागात स्वस्त काळ. वाराच्या बाबतीत या पट्ट्याची एक खास अडचण आहे: भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हिंजवडीच्या आयटीवाल्यांची शनिवार-रविवार. एकाच वर्गातले दोन मित्र वर्षानुवर्षं एका दिवशी मोकळे नसतात. रविवारी सकाळी दहा ते दोन ही वेळ त्यातल्या त्यात बरी. पहिल्या पाळीवाल्याला एक सुट्टी टाकावी लागते, पण रात्रपाळी संपवून आलेला डोळे चोळत का होईना येऊ शकतो. संध्याकाळ टाळा, विशेषतः चाकणला. तळेगाव चौकातली कोंडी माहीत असलेला माणूस संध्याकाळी सहाचं निमंत्रण देणार नाही.

जागा: शाळा, नाट्यगृह की कार्यालय?

शाळाच. याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. ज्या वर्गात छडी खाल्ली त्या वर्गात उभं राहण्याची किंमत कुठलाही डेकोरेटर लावू शकत नाही, आणि भाडंही नाममात्र किंवा शून्य असतं. पण परवानगी लागते, आणि ती कुणाची हे शाळेवर ठरतं. महापालिकेची माध्यमिक शाळा असेल तर मुख्याध्यापकांमार्फत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज. चाकणकडे चित्र वेगळं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक प्राथमिक, हायस्कुलं बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांची. तिथे संस्थेच्या सचिवांचं पत्र लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राजगुरुनगरला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. महिनाभर आधी द्या, पोच घ्या. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवा, कारण त्या काळात सरकारी आवारात पुढारी व्यासपीठावर घेऊन कार्यक्रम होऊ शकत नाही. (काही संयोजक मुद्दाम तीच तारीख धरतात म्हणे. युक्ती वाईट नाही.)

मैदानावर स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते. १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकणही पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, त्यामुळे जुन्या सवयीने पुणे ग्रामीणकडे जाऊ नका. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही. दुपारच्या कार्यक्रमाला हा प्रश्नच येत नाही, हा दुपारचा आणखी एक फायदा.

महापालिकेची नाट्यगृहं हा मधला पर्याय. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर, प्राधिकरणातलं ग. दि. माडगूळकर नाट्यगृह. दर सत्रावर आणि कार्यक्रमाच्या प्रकारावर ठरतात, अनामत रक्कम वेगळी भरावी लागते आणि ती परत यायला वेळ लागतो. तो आकडा वर्गणीच्या हिशेबात धरून ठेवा. पहिलीपासून इंग्रजी आणणाऱ्या शिक्षणमंत्र्याच्या, म्हणजे रामकृष्ण मोरेंच्या, नावाच्या सभागृहात मराठी शाळेच्या गुरुजींचा सत्कार करण्यात एक मिश्कील औचित्य आहे खरं, पण दीडशे माणसं त्या भव्य प्रेक्षागृहात हरवून जातात. पाचशेच्या वर उपस्थिती पक्की असेल तरच तिकडे वळा.

शाल, नारळ आणि ते अ‍ॅक्रिलिकचं चिन्ह

शाल दीडशे रुपयांपासून मिळते. हाताला खरखरीत लागणारी, तांबूस किंवा गर्द निळी, कडेला सोनेरी जर. हीच शाल वर्षभर सगळ्या सत्कारांत फिरत असते. निवृत्त मुख्याध्यापकांच्या कपाटात अशा वीस-पंचवीस असतात आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी सत्काराला बाहेर पडतात. तिच्याऐवजी सातशे ते हजारात मिळणारी लोकरीमिश्रित शाल घ्या, जी थंडीत खरंच अंगावर येईल. बाईंसाठी वेगळा विचार करा. त्याच पैशांत चांगली खणाची साडी येत नाही, पण उत्तम सुती ओढणी-शाल येते. पिंपरी कॅम्पात डझनाने घेतलं तर भाव उतरतो, पुण्यात रविवार पेठेत आणखी थोडा. नारळ महाग झालेत, पण तिथे काटकसर करू नका. दहा नारळांनी बजेट कोसळत नाही.

सन्मानचिन्हाचा भाव अ‍ॅक्रिलिकच्या जाडीवर ठरतो. पाच मिलिमीटरचं साडेतीनशे-चारशेत, लाकडी बैठकीचं जाड चिन्ह आठशे-हजारात, धातूचं दोन हजारांच्या पुढे. छापून द्यायला चार ते सहा दिवस. त्यावर काय छापता ते बघा. बहुतेक चिन्हांवर संयोजक बॅचचं नाव ठळक, प्रायोजकाचं बोधचिन्ह त्याहून ठळक आणि सत्कारमूर्तीचं नाव खाली चिकटवलेल्या पट्टीवर असतं. दोन पावसाळ्यांत पट्टी सुटते. मग उरतो तो प्रायोजक.

माझं मत विचाराल तर चिन्हाचे पैसे मानपत्रात घाला.

मानपत्र: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड

छापील मानपत्र चौकटीसह चारशे ते नऊशे. सुलेखनकाराकडून हाताने लिहून घेतलं तर दीड ते चार हजार. पण खरी किंमत मजकुराची आहे आणि ती पैशात नाही. "ज्ञानदानाच्या पवित्र कार्यात आपण आपले आयुष्य वेचले" हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच लागू पडत नाही. त्याऐवजी वर्गाकडून तीन गोष्टी गोळा करा. सरांनी कुठली वर्षं कुठले विषय शिकवले, त्यांची एक सवय आणि एक प्रसंग. नववी ब ला भूमिती शिकवणारे सर फळ्यावर वर्तुळ कंपासशिवाय काढायचे, आणि पूर्ण झाल्यावर खडू खिडकीत ठेवून वर्गाकडे बघायचे, कुणी टाळी वाजवतंय का ते. एवढं लिहिलंत तर सभागृहात बसलेले साठ जण ते सर ओळखतील. दोनशे-अडीचशे शब्द पुरे. त्याहून मोठं मानपत्र वाचताना सत्कारमूर्तीलाच उभं राहवत नाही.

वर्षं आणि विषय नेमके हवेत तर शाळेतूनच मिळवा. जनरल रजिस्टर, जुनी वार्षिक स्मरणिका, दहावीच्या निकालाच्या फायली. लिपिक साहेबांना आठ दिवस आधी भेटा.

आता छपाईचा धोका. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो, छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे मजकूर श्रीलिपीत बदलला जातो. त्या बदलात जोडाक्षरं फुटतात. "कृतज्ञता"चा ज्ञ सुटा पडतो, रफार पुढच्या अक्षरावर जातो, "विद्यार्थी"चा र्थी काहीतरी भलताच होतो. आणि हे मराठीच्या निवृत्त शिक्षिकेच्या हातात जातं! पडद्यावरचं प्रूफ पुरेसं नाही. कागदावर प्रिंट काढून घ्या आणि दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ मजकूर धरून. नावं घरी विचारून पक्की करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आणि माणूस आज वापरतो ते नाव अनेकदा वेगळं असतं, बाईंच्या बाबतीत तर हमखास. चौकटीला काच टाळा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावा. गाडीच्या मागच्या सीटवर काचेची चौकट सुखरूप पोचत नाही. बारा बाय अठरा इंचांपेक्षा मोठी चौकट दोन खोल्यांच्या घरात लावायची तरी कुठे?

थैली द्यावी का?

पूर्वी गावं गुरुजींना थैली अर्पण करत. ती प्रथा परत यायला हरकत नाही, मात्र कुणाला, हे बघून. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्यांना निवृत्तिवेतन आहे. पण त्याच शाळेत विनाअनुदानित तुकडीवर पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बाई असतात, तासिका तत्त्वावरचे चित्रकलेचे सर असतात, घंटा देणारे मामा असतात. त्यांच्या बाबतीत चौकटीतल्या चिन्हापेक्षा पन्नास हजारांचा धनादेश अधिक सन्मानाचा आहे. मात्र आकडा माइकवरून जाहीर करू नका. पाकीट घरी जाऊन द्या.

पन्नास हजार हा आकडा उगीच घेतलेला नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी पन्नास हजारांच्या वर गेल्या, तर वरचीच नव्हे, पूर्ण रक्कम करपात्र होते. योगायोगाने राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराची रोख रक्कमही तेवढीच आहे: ५०,००० रुपये, रौप्यपदक आणि प्रमाणपत्र.

अजून नोकरीत असलेल्या शिक्षकांबाबत जरा थांबा. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सेवेत असलेल्यांनी भेटी किंवा जाहीर मानपत्र स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं असतात, वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. निवृत्तांना ही अडचण नाही. सेवेतल्या सरांना बोलावणार असाल तर त्यांना आधी विचारा, नाहीतर तुमच्या प्रेमाचा खुलासा त्यांना लेखी द्यावा लागेल.

यशस्वी विद्यार्थी कोण?

इथे खर्च पैशाचा कमी आणि मनस्तापाचा जास्त. समितीच्या पहिल्या बैठकीत तीन नावं येतात: एक माजी नगरसेवक, एक अमेरिकेतला आणि एक ज्याने पंचवीस हजार द्यायचं कबूल केलं आहे तो. तिसऱ्याला देणगीदार म्हणून आभारात घ्या, सत्कारमूर्ती म्हणून नाही. सत्कारमूर्तीकडून वर्गणी घ्यायची नाही आणि मोठ्या देणगीदाराचा त्या वर्षी सत्कार करायचा नाही, हे दोन नियम लेखी केले की निम्मी भांडणं मिटतात.

या पट्ट्यात कर्तृत्व वेगळ्या कपड्यांत असतं. आयटीआय करून टेल्कोत लागलेला आणि पुढे भोसरीत दोन लेथवर स्वतःचं वर्कशॉप उभं करून वीस पोरांना कामाला लावणारा. वायसीएम रुग्णालयात पंचवीस वर्षं रात्रपाळ्या काढलेली परिचारिका. महापालिकेच्याच इंद्रायणीनगरच्या क्रीडा प्रबोधिनीतून निघालेला खेळाडू, जो आज प्रशिक्षक आहे. जमीन कारखान्याला गेल्यावर आलेला पैसा न उधळता गावात अभ्यासिका काढणारा. आज त्या शाळेत बसलेल्या मुलांना यांच्याकडे बघून पुढची वाट जास्त स्पष्ट दिसेल, असं मला वाटतं. त्यामुळे आठवी ते दहावीची मुलं कार्यक्रमात असलीच पाहिजेत. त्यांचं जेवण हिशेबात धरा.

खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण जवळचं आहे. पटसंख्येअभावी बंद पडायच्या बेतात आलेली ही शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून उभी केली आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरच्या सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा सन्मान मिळाला. सत्कार करण्याजोगा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पाहुणा फुकट येतो, त्याचे कार्यकर्ते येत नाहीत

प्रमुख पाहुणा म्हणून पुढारी बोलावला की तो मानधन घेत नाही. पण दोन तास उशिरा येतो, तोवर जेवण थंड होतं आणि ऐंशी वर्षांच्या बाई खुर्चीत ताटकळतात. त्याच्याबरोबर पंधरा जण व्यासपीठावर चढतात, त्यांनाही शाल हवी. म्हणजे पंधरा शाली, पंधरा गुच्छ, हातोहात सहा-सात हजार. शिवाय चौकाचौकांत फलक. फ्लेक्स चौरस फुटाला दहा ते वीस रुपये, दहा बाय वीसचा एक फलक दोन ते चार हजार, आणि तो उभारायला महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी. विनापरवाना लावला तर मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात जाहिरात फलकाचा सांगाडा कोसळून पाच जण गेले. त्या शहरात गुरुजींच्या हसऱ्या फोटोचा बेकायदा फलक लावू नये, एवढं भान पुरे. शाळेच्या फाटकावर एक कापडी फलक, बास.

पाहुणा हवाच असेल तर त्याच शाळेचे सर्वांत जुने हयात मुख्याध्यापक बोलवा. बाकीच्यांना पुस्तक द्या. दोनशे-तीनशेत चांगलं येतं.

पैसे कुठून, कुठल्या खात्यात

साठ जणांनी अडीच हजार काढले की दीड लाख होतात. सगळ्यांना अडीच जमत नाही. ज्याची कंत्राटी नोकरी नुकतीच गेली त्याला ग्रुपवर नावासमोर रिकामी चौकट नको. रक्कम ऐच्छिक ठेवा, यादीत नावं टाका, आकडे नको. एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे गोळा करणं सोपं आहे, पण दीड लाख त्याच्या खात्यात फिरले की विचारणारे विचारतातच. एकदाच करायचा कार्यक्रम असेल तर तिघांचं संयुक्त खातं उघडा. दरवर्षी करायचा असेल तर माजी विद्यार्थी संघ नोंदवा: किमान सात सभासद, धर्मादाय आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात संस्था नोंदणी आणि सार्वजनिक विश्वस्त नोंदणी, पुढे दरवर्षी लेखापरीक्षण. वकील किंवा सीए धरून सुरुवातीचा खर्च दहा-वीस हजार धरा. देणगीदारांना ८०जी ची सवलत द्यायची तर ती नोंदणी वेगळी. त्यातही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना तिचा उपयोग नाही. त्यामुळे केवळ त्या मोहाने संस्था काढू नका.

परदेशातल्या मित्रांबाबत खबरदारी हवी. भारतीय पासपोर्ट असलेला जर्मनीतला वर्गमित्र स्वतःच्या कमाईतून पाठवतो ते परकीय योगदान धरलं जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा कायद्याने परकीयच. असा पैसा घ्यायला संस्थेची परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. सत्कारासाठी हे कुणी करत नाही. त्याला सांगा, पैसे राहू दे, ये.

आणि सीएसआर. औद्योगिक पट्ट्यात राहतो म्हणून प्रत्येक बैठकीत हा शब्द येतो. चाकणच्या कंपनीतल्या एचआरच्या ओळखीने पैसे मिळतील असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या जूनमध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे, की पुरस्कार समारंभ, मॅरेथॉन यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरता येणार नाहीत. कंपनी द्यायचेच असतील तर जाहिरातीच्या खात्यातून देईल, आणि मग तिचा फलक सरांच्या डोक्यावर येईल. तीच कंपनी शाळेची प्रयोगशाळा, स्वच्छतागृह, संगणक कक्ष मात्र सीएसआरमधून करू शकते. म्हणून मागणी तशी करा: सोहळा आमच्या वर्गणीतून, प्रयोगशाळा तुमची.

नावाचं बक्षीस ठेवताना

बऱ्याच बॅचना सरांच्या नावाने दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवायचं असतं. एक लाखाची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार देते. एक चांगलं बक्षीस त्यात होतं. पण जुन्या शाळांच्या कपाटात डोकावा. तिथे चाळीस वर्षांपूर्वी कुणी मोठ्या मनाने ठेवलेल्या हजार रुपयांच्या ठेवी आहेत, ज्यांचं व्याज आज पासष्ट-सत्तर रुपये येतं आणि त्यात वहीही धड येत नाही. दरवर्षी सगळं व्याज वाटू नका. निम्मं मुद्दलात मिळवा, आणि पाच वर्षांनी रक्कम वाढवायची जबाबदारी कुठल्या बॅचची, हे ठेवीच्या पत्रातच लिहा. गुणांऐवजी निकष वेगळा ठेवता आला तर उत्तम. कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची मुलगी दहावीनंतर तंत्रनिकेतनला जात असेल तर तिचं पहिल्या सत्राचं साहित्य, असं काही.

हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसह. वरच्या उदाहरणात दीड लाखातले दहा हजार उरतात. साठ जणांना प्रत्येकी १६६ रुपये परत पाठवत बसू नका. मुख्याध्यापकांना विचारा काय कमी आहे. उत्तर बहुधा छोटं असतं: पाण्याच्या टाकीचा नळ, दोन पंखे, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शकाचे बल्ब. वस्तू घेऊन द्या, पावती शाळेच्या नावाने करा आणि ती डेडस्टॉक रजिस्टरला चढली की नाही हे स्वतः बघून या. नोंद नसली तर पुढच्या बदलीत नव्या मुख्याध्यापकांना ते पंखे कुठून आले हेही ठाऊक नसतं, आणि लेखापरीक्षणात ते त्यांच्याच अंगाशी येतं.